कॅशबॅक कार्ड ठेवू की प्रवासाच्या फी वाचवणारं घेऊ? हिशेब जुळत नाहीये

धांदरट_गणू

मंडळी, शंका जुनीच असेल, आधीचा धागा असेल तर दाखवा, मला तरी सापडला नाही. माझ्याकडे सध्या एकच साधं कॅशबॅक कार्ड आहे, सगळ्या खर्चावर सरसकट 1.5%, वार्षिक फी नाही, काही लक्षात ठेवायला लागत नाही, रक्कम आपोआप बिलातून वजा होते. पण आता बँकेचे सारखे फोन चाललेत की ट्रॅव्हल कार्ड घ्या. त्यात विमानतळावरच्या लाउंजमध्ये प्रवेश, चेक-इन बॅगची फी माफ, फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक वर लावते ते टक्के) शून्य, प्रवास विमा, वर नवीन कार्ड घेतल्याबद्दल वेलकम पॉइंट. फी मात्र दणदणीत. फोनवरचा माणूस म्हणे फायदे फीच्या तिप्पट भरतात. म्हटलं कसे काय, तर त्याने यादी वाचून दाखवली आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी मी स्वतःच्या पैशाने कधीच घेतल्या नसत्या.

प्रवास म्हणाल तर वर्षाकाठी एखादी परदेशवारी आणि अधूनमधून देशातल्या देशात विमान. बिल नेहमी पूर्ण भरतो, थकबाकी ठेवत नाही. तर प्रश्न असा की एकीकडे रोख टक्के आणि दुसरीकडे ह्या माफ झालेल्या फी, ह्यांची तुलना करायची तरी कशी? नेटवर जे वाचायला मिळतं ते सगळं एक तर पॉइंटवाल्या भक्तांनी लिहिलेलं, नाहीतर कार्ड विकणाऱ्यांनी.

हिशेबनीस

ते तिप्पट वगैरे आधी बाजूला ठेव. बँक लाउंजची किंमत लावते ती दारात पैसे भरून आत जाणाऱ्याच्या दराने. कार्ड नसतं तर तू दारात पैसे भरून आत गेला असतास का? नसतास, तर तो फायदा तुझ्या वहीत शून्य, फार तर विमानतळावर जे खाण्यापिण्याला गेले असते तेवढा धर. बॅगेचं मात्र वेगळं आहे, ती फी तू एरवीही भरतोसच, त्यामुळे ती वाचली की पूर्ण रक्कम तुझी. एवढी एकच चाळणी लावलीस तरी यादी अर्धी होते.

आता आकडे. चलन कुठलंही धर, गणित तेच. समजा नवीन कार्डाची फी 6,000 आणि त्याचे पॉइंट रोखीत मोजले तर 2% पडतात. तुझं 1.5% आहे. फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे नुसत्या परताव्यावर फी वसूल करायची तर 12,00,000 खर्च लागेल. तेवढा नसणारच, मग फी कुठून तरी दुसरीकडून निघायला हवी. समजा घरचा खर्च 3,00,000 आहे, तिथे ह्या अर्ध्या टक्क्याचे 1,500 जास्त मिळाले. परदेशात समजा 1,00,000 खर्च होतात. तुझ्या आत्ताच्या कार्डावर 3% मार्कअप असेल तर 3,000 गेले आणि 1,500 कॅशबॅकने परत आले, म्हणजे निव्वळ 1,500 तोटा. नवीन कार्डावर मार्कअप नाही आणि वर 2,000 चा परतावा. दोन्हीतला फरक 3,500. एकूण झाले 5,000, फी 6,000, उरलेले 1,000 बॅगेच्या आणि सीटच्या फीमधून निघाले तर बरोबरी. बरोबरी म्हणतोय बरं का, फायदा नाही. आणि परदेशवारी एखाद्या वर्षी हुकली की सगळं गणित कोसळलं, फी मात्र त्याही वर्षी द्यायचीच.

हे स्वतःचे आकडे घालून कागदावर मांड, मोबाइलवर नको, कागदावर. आणि ह्यात वेलकम पॉइंट धरू नकोस, ते एकदाच मिळतात, फी दरवर्षी असते. लोक पहिल्या वर्षाचा हिशेब करून कार्ड घेतात आणि चौथ्या वर्षीही तोच हिशेब मनात धरून फी भरत राहतात.

अर्धवटराव

+1. पण एक मुद्दा सुटला. मार्कअप शून्य पाहिजे म्हणून फीवालं कार्डच घ्यायला हवं असं कुणी सांगितलं? बऱ्याच ठिकाणी बिनफीची किंवा नाममात्र फीची झिरो मार्कअप कार्डं मिळतात, त्यांचा परतावा कमी असतो नाहीतर नसतोच, पण 3% वाचले हाच परतावा. हिशेबनीस यांच्या उदाहरणातला 1,500 चा निव्वळ तोटा तर असल्या फुकट, परतावा नसलेल्या कार्डावरही वाचतो. मग 6,000 ची फी नेमकी कशाची भरायची ते सांगा.

विमानवेडी

पॉइंटवाली भक्त हजर आहे 🙂

गणूदादा, वरचं गणित चूक नाहीये पण त्यात पॉइंटची किंमत 2% अशी ठोकून बसवलीये आणि खरी मजा तिथेच आहे. कॅशबॅकमध्ये 1 म्हणजे 1, वर जात नाही खाली येत नाही. पॉइंटचं तसं नसतं, तोच पॉइंट बिलात वळता केला तर एक किंमत, गिफ्ट व्हाउचर घेतलं तर दुसरी, आणि एअरलाइनकडे ट्रान्सफर करून तिकीट काढलं तर तिसरी, आणि ही तिसरी कधी कधी पहिलीच्या दुपटीच्या वर जाते, विशेषतः लांबच्या बिझनेस क्लासला. मोजायचं कसं तर तिकिटाचा रोख भाव घे, त्यातून पॉइंट वापरूनही जे कर आणि सरचार्ज खिशातून भरावे लागतात ते वजा कर, आणि उरलेल्याला पॉइंटच्या संख्येने भाग. समजा तिकीट 30,000 चं आहे, पॉइंट लागतात 25,000 आणि वर 5,000 कर, तर एका पॉइंटची किंमत 1 आली. हेच बिलात वळते केले तर कदाचित 0.3 किंवा 0.5 मिळाले असते. हे न बघता जे लोक ट्रॅव्हल कार्डाचे पॉइंट मिक्सर आणि हेडफोनमध्ये उडवतात त्यांनी खरंच कॅशबॅक घ्यावं, काही राग नाही.

काटकसरे_काका

विमानवेडीताई, मोजायची रीत बरोबर आहे तुमची, फक्त बिझनेस क्लासचं उदाहरण प्रत्येक वेळी निघतं ते खटकतं. जो माणूस रोख देऊन बिझनेस क्लासने गेलाच नसता त्याने त्या तिकिटाच्या रोख भावाने पॉइंट मोजणं म्हणजे हिशेबनिसांनी लाउंजचं जे सांगितलं तेच. इकॉनॉमीचं जे तिकीट तो खरोखर घेणार होता त्या भावाने मोजा, मग दुप्पट कुठे राहते बघू.

दुसरं, पॉइंट हे एअरलाइनच्या हातातलं चलन आहे. 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज ही माइल्सची, म्हणजे एअरलाइनच्या पॉइंटची, योजना सुरू केली तिथपासून ही सगळी दुनिया वाढली आणि बरीच वर्षं ठरलेला तक्ता असायचा, अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी इतके माइल्स. आता तसं राहिलं नाही. डेल्टाने 2015 मध्ये तक्ता काढून टाकला, युनायटेडने स्वतःच्या विमानांसाठी 2019 मध्ये, आणि आता भरपूर ठिकाणी मागणीप्रमाणे माइल्सचा भाव वरखाली होतो. साठवून ठेवलेल्या पॉइंटवर व्याज मिळत नाही, उलट घसाराच होतो. कॅशबॅक एकदा बिलात वळती झाली की तिचं कुणी काही वाकडं करू शकत नाही.

विमानवेडी

काका, साठवून ठेवा असं मी कुठे म्हटलं? कमवा आणि उडवा, हाच नियम आहे आमच्यात. तक्त्याचं मान्य. पण फिरणं हाच ज्याचा खर्च आहे त्याला ह्यात गंमत आहे, आणि गंमतीचीही काही किंमत धराल की नाही?

काटकसरे_काका

धरतो की. तुमच्या वहीत 😄

धांदरट_गणू

थांबा थांबा, भांडू नका. मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे कॅशबॅकमध्येच काही कार्डांवर 5% लिहिलेलं असतं किराणा नाहीतर ऑनलाइनवर, ते माझ्या 1.5% पेक्षा भारी नाही का? आणि दुसरं, झिरो मार्कअप कार्ड घेतलं की परदेशात आणखी काही कापत नाहीत ना? मागच्या वेळी स्टेटमेंटमध्ये एकाच खरेदीच्या दोन-तीन ओळी दिसत होत्या, मूळ रक्कम, खाली मार्कअप, त्याखाली त्या मार्कअपवरचा कर.

हिशेबनीस

5% ला दोन टाचण्या लावलेल्या असतात. पहिली म्हणजे कॅप. महिन्याला अमुक इतकाच परतावा, त्यानंतर तेच कार्ड 1% वर येतं, काही ठिकाणी शून्यावर. कॅपला 0.05 ने भागलंस की कळतं किती खर्चापर्यंत 5% चालणार, 500 ची कॅप असेल तर 10,000 च्या खर्चावर खेळ खलास. बाकीचा खर्च 1% वर पडला तर महिन्याचा एकूण परतावा बऱ्याचदा तुझ्या सरसकट 1.5% च्या आसपासच येऊन बसतो, नाहीतर थोडा वर.

दुसरी टाचणी म्हणजे कॅटेगरी ठरते कशी. तू काय घेतलंस ते बँकेला दिसतच नाही, दुकानाला कोणता चार आकडी मर्चंट कोड दिलाय तेवढं दिसतं. 5411 म्हणजे किराणा आणि सुपरमार्केट, 4511 विमान कंपन्या, 4722 ट्रॅव्हल एजन्सी, मोठ्या एअरलाइनना तर 3000 पासून पुढचे स्वतःचे वेगळे कोड आहेत. त्यामुळे एखाद्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधून किराणा घेतलास आणि त्या स्टोअरचा कोड दुसराच निघाला तर 5% विसर. हेच ट्रॅव्हल कार्डाचंही, एअरलाइनच्या साइटवरून तिकीट काढलं तर जास्तीचे पॉइंट आणि तेच तिकीट एखाद्या ॲपवरून काढलं तर कधी मिळतात कधी नाही. आणि इंधन, भाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, गिफ्ट कार्ड ह्यांवर काही मिळत नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं बऱ्याच कार्डांत सापडेल. कार्ड घेण्याआधी ती यादी वाच, जाहिरात नाही वाचली तरी चालेल.

जाता जाता, हे टक्के येतात कुठून हेही बघण्यासारखं आहे. दुकानदार प्रत्येक व्यवहारावर जी फी देतो तिचा एक हिस्सा तुझ्या बँकेला मिळतो आणि त्यातलाच तुकडा ती तुला परत करते. युरोपियन युनियनने 2015 मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डावरच्या ह्या हिश्शाला 0.3% ची मर्यादा घातली, आता 0.3% मिळवणारी बँक 2% कुठून वाटणार. हा हिस्सा देशोदेशी वेगळा असतो, म्हणून अमेरिकेतल्या कार्डांचे लेख वाचून आपल्या कार्डाकडून तेवढीच अपेक्षा ठेवू नये.

काटकसरे_काका

परदेशातल्या कापाकापीचं मी सांगतो.

झिरो मार्कअप म्हणजे तुमची बँक वरचे टक्के लावत नाही, एवढंच. खालचा दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्यांचा त्या दिवसाचा असतो, तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो, दोघांच्या साइटवर तारीख घालून बघताही येतो. इथपर्यंत ठीक.

गडबड होते ती मशीनवर. कार्ड घातलं की पडद्यावर दोन रकमा येतात, एक तिथल्या चलनात आणि एक तुमच्या घरच्या चलनात, आणि घरची बहुतेक वेळा वर, मोठ्या अक्षरात, हिरव्या बटणाच्या बाजूला. माणूस दमलेला असतो, आपल्या ओळखीचं चलन दिसतं, तो तेच दाबतो. आणि काही ठिकाणी तर काउंटरवालाच तुमच्या वतीने दाबून मशीन तुमच्यापुढे पिनसाठी सरकवतो. ह्याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. इथे दर तुमची बँक लावत नाही, व्हिसाही लावत नाही, तिथल्या दुकानदाराच्या बाजूची कंपनी लावते आणि त्यात 4-5% सहज घुसवलेले असतात, जास्तही असतात. तुमचं झिरो मार्कअप इथे काही कामाचं नाही, कारण तुमच्या बँकेपर्यंत व्यवहार पोचतो तेव्हा चलन बदलून झालेलं असतं. वर काही बँका अशा व्यवहारालाही क्रॉस बॉर्डर म्हणून वेगळी फी लावतात, दुकान परदेशातलं आहे म्हणून. म्हणजे दोन्हीकडून कापलं. एटीएमवरही हाच प्रश्न विचारतात, फक्त शब्द फिरवून, "कन्व्हर्जन स्वीकारता का" वगैरे. नाही म्हणायचं. नाही म्हटलं तरी पैसे येतात, फक्त त्यांचा दर न लागता येतात.

नियम एकच, जिथे उभे आहात तिथलं चलन निवडा. रकमेची स्लिप बघितल्याशिवाय पिन घालू नका, चुकीच्या चलनात दिसली तर तो व्यवहार रद्द करून परत करायला सांगा. कुरकुर करतात, करू द्या.

आणि क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढू नका, मार्कअप शून्य असला तरी. रोख काढण्याची फी वेगळी, व्याज त्याच दिवसापासून चालू, पॉइंट नाहीत, कॅशबॅक नाही. त्यासाठी डेबिट नाहीतर प्रीपेड फॉरेक्स कार्ड जवळ ठेवा.

अर्धवटराव

काकांना पूर्ण अनुमोदन. ऑनलाइनलाही हेच होतं, परदेशी साइट किंमत आपल्या चलनात दाखवते म्हणून आपण निर्धास्त, आणि महिन्याने स्टेटमेंटमध्ये क्रॉस बॉर्डर फी. आणखी एक भर, परदेशातली खरेदी रद्द झाली आणि रिफंड आला तर तो रिफंडच्या दिवसाच्या दराने येतो, मार्कअप कापलेला असेल तर तो परत मिळेलच असं नाही, आणि मिळालेली कॅशबॅक मात्र बँक आठवणीने काढून घेते. हॉटेल बुक करून रद्द करायची सवय असेल त्यांनी हे ध्यानात ठेवा.

विमानवेडी

मी परत आले. पॉइंट सोडा, पण फीवाल्या कार्डात एक गोष्ट अशी आहे जी टक्क्यांत मावत नाही आणि वर कुणी तिला हातच लावला नाही. विमा. फ्लाइट ठरलेल्या तासांपेक्षा जास्त रखडली, बऱ्याच कार्डांत 6 किंवा 12 तास असतात, तर हॉटेलचा आणि जेवणाचा खर्च मिळतो, बॅग उशिरा आली तर कपड्यांचा. अट बहुतेक ठिकाणी हीच की तिकीट त्याच कार्डाने काढलेलं हवं. लोक तिकीट काढतात 5% वाल्या कार्डाने आणि विमा मागायला जातात ट्रॅव्हल कार्डाकडे, मग काय मिळणार. भाड्याची गाडी घेत असशील तर कार्डावरचा गाडीचा विमा प्रायमरी (आधी हाच भरपाई देतो) की सेकंडरी (दुसरा विमा असेल तर त्याच्यानंतर देतो) ते बघ, आणि तो लागू व्हायला गाडी देणाऱ्या कंपनीचं डॅमेज वेव्हर (नुकसानीची जबाबदारी माफ करणारं त्यांचं कव्हर) नाकारावं लागतं, ते काउंटरवर सहीच्या आधी सांग. शिवाय गाडी आणि हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून लिमिट अडवून ठेवतात, छोट्या लिमिटचं एकच कार्ड घेऊन गेलास तर ऐन वेळी पंचाईत.

बॅगेच्या फीबद्दलही सांगते. ती माफी बहुतेक त्याच एअरलाइनच्या को-ब्रँड कार्डावर (बँक आणि एअरलाइन मिळून काढतात ते) असते. तू सगळ्यात स्वस्त तिकीट शोधून कधी ह्या कंपनीने कधी त्या कंपनीने जाणारा असशील तर उपयोग नाही. भागीदार कंपनीचं विमान असेल तरी बऱ्याचदा लागू होत नाही, तिकिटावर नंबर ह्यांचा आणि विमान त्यांचं, तिथे फी भरावीच लागते. पण एकाच एअरलाइनने घरचे सगळे जाणारे असाल आणि बुकिंग एकत्र असेल तर काही कार्डांवर सोबतच्यांच्याही बॅगा माफ असतात, तिथे मात्र एका जाण्यायेण्यातच फी निघते. हा फायदा मी लाउंजच्या कितीतरी वर ठेवेन.

हिशेबनीस

विम्याचा मुद्दा रास्त आहे, पण त्याची किंमत तोच विमा वेगळा घेतला तर प्रीमियम किती पडेल तेवढीच धर. दाव्याची कमाल रक्कम बघून भुलू नये. आणि परदेशवारीला दवाखान्याचं कव्हर पुरेसं आहे का हे वेगळं तपास, कार्डाच्या विम्यात ते बऱ्याचदा तुटपुंजं असतं किंवा नसतंच, त्यामुळे वेगळी पॉलिसी काढावीच लागते आणि मग कार्डाचा विमा दुहेरी होतो.

लाउंजचं म्हणशील तर हल्ली "अमर्याद" हा शब्द नीट वाचावा लागतो. कुठे तिमाहीत अमुक खर्च केला तरच पुढच्या तिमाहीत प्रवेश, कुठे सोबत्याचे पैसे वेगळे, आणि गर्दी असली की कार्ड असूनही दारात थांबवतात.

धांदरट_गणू

सगळ्यांचे आभार, कागद घेऊन बसलो होतो. बॅगेची फी आम्ही दोघं भरतोच, पण एअरलाइन दर वेळी वेगळी असते, त्यामुळे विमानवेडीताई, तो मुद्दा माझ्या बाबतीत गळतो. लाउंज शून्य धरला, बायकोने थोडा विरोध केला पण धरला. एवढं करून फी निघत नाहीये, बरंच खाली राहतंय. तर आत्ताचं 1.5% वालं घरच्यासाठी आणि बिनफीचं झिरो मार्कअप परदेशासाठी असं करावं म्हणतोय. एकच मोह सुटत नाही, वेलकम पॉइंट. पहिल्या वर्षापुरतं घेऊन बंद केलं तर?

काटकसरे_काका

करता येतं, पण अटी बघून. वेलकम पॉइंटसाठी पहिल्या 60-90 दिवसांत मोठा खर्च करायला सांगतात. तेवढा खर्च तुमचा एरवीही होणार असेल, विम्याचा हप्ता, शाळेची फी, घरातलं मोठं काही, तर ठीक. पॉइंटसाठी खर्च ओढून आणणार असाल तर नको. आणि त्या नादात बिल थकलं तर महिन्याला 3% व्याज म्हणजे वर्षाला 36%, एका महिन्याच्या थकबाकीत त्या रकमेवरचा 1.5% कॅशबॅक दुपटीने गेला, त्यात थकबाकी असताना नवीन खरेदीवरही व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. तुम्ही पूर्ण भरता म्हणालात म्हणून सांगतोय, नाहीतर हा सगळा धागाच फुकट.

विमानवेडी

बंद करणार असशील तर तारीख नीट धर. फी बहुतेक वर्ष पूर्ण झालं की पुढच्या स्टेटमेंटला लागते, त्याच्या महिनाभर आधी फोन कर. थेट बंद करा म्हणू नकोस, आधी फी माफ होते का विचार, खर्च चांगला असेल तर बऱ्याचदा करतात किंवा पॉइंट देतात. नाही म्हणाले तर त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डावर उतरवून घेता येतं का विचार, म्हणजे जुनं खातं चालू राहतं. आणि सगळ्यात आधी पॉइंट वापरून टाक किंवा एअरलाइनकडे पाठव, कार्ड बंद झालं की बँकेकडे पडलेले पॉइंट बहुतेक ठिकाणी जातात, एअरलाइनच्या खात्यात गेलेले मात्र तुझेच. ट्रान्सफरला कधी कधी काही दिवस लागतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे ना तेही आत्ताच बघून ठेव, तिथे अडकतात लोक.